पलीकडच्या माणसाला स्वतःचाच आवाज का ऐकू येतो?

जुन्या गाडीत हँड्सफ्री किट (फोन हातात न घेता गाडीच्या स्पीकरवरून बोलण्याचा संच) बसवलं की पहिल्या दोन-चार फोनांतच पलीकडून तक्रार येते: "माझाच आवाज मला परत ऐकू येतोय." त्यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "तुझं नेटवर्क खराब असेल." हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. ज्याला प्रतिध्वनी ऐकू येतो त्याचा फोन ठणठणीत असतो. दोष असतो तो ज्याला सगळं स्वच्छ ऐकू येतंय, त्याच्या गाडीत.

शाळेत आपण शिकलो की प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी मूळ आवाजानंतर किमान ०.१ सेकंद जावा लागतो, म्हणजे भिंत १७ मीटर लांब हवी. गाडीत १७ मीटर कुठून येणार? उशीर गाडीत होत नाही, तो फोनच्या जाळ्यात आणि ब्लूटूथमध्ये होतो. पलीकडच्याचा आवाज तुमच्या दारातल्या स्पीकरमधून बाहेर पडतो, काचांवर आपटतो, तुमच्या माइकमध्ये शिरतो आणि आला तसा परत जातो. या फेरीला पाव सेकंदाच्या आसपास वेळ सहज लागतो. तुमच्या कानांना यातलं काहीच कळत नाही.

किटमधली चिप हा प्रतिध्वनी पुसते कशी, हा या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग आहे. पलीकडून आलेला आवाज स्पीकरकडे जाण्याआधी चिपला माहीत असतो. साध्या कॉलमध्ये ती सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाची मापं, मोजते. दोन नमुन्यांमधल्या वेळात ध्वनी जेमतेम ४ सेंटिमीटर पुढे सरकतो. स्पीकर माइकपासून मीटरभर दूर असेल तर थेट आवाज साधारण २४ नमुन्यांनी पोचतो, आणि त्यामागून काच, छत, सीट यांवरून परतलेले आवाज येत राहतात. ५० मिलिसेकंदांपर्यंतचे परतलेले आवाज धरले तर ते ४०० नमुने झाले. म्हणून चिप ४०० गुणक ठेवते: 'इतक्या नमुन्यांपूर्वीचा आवाज आत्ता माइकमध्ये इतक्या प्रमाणात असेल.' मागच्या ४०० नमुन्यांना आपापल्या गुणकाने गुणून बेरीज केली की प्रतिध्वनीचा अंदाज मिळतो. तो माइकच्या आवाजातून वजा केला की उरतो तुमचा आवाज आणि थोडी चूक.

आता हे गुणक कोण ठरवणार? प्रत्येक गाडीची काच वेगळी, सीट वेगळी, बसलेली माणसं वेगळी. म्हणून चिप ते स्वतः शिकते. वजाबाकीनंतर उरलेली चूक घ्यायची, तिला त्या-त्या जुन्या नमुन्याने गुणायचं, त्याचा लहानसा अंश त्या गुणकात मिळवायचा आणि पुढच्या नमुन्याला पुन्हा तेच करायचं. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसं हे चालतं: पीळ मोठा दिला तर सूर ओलांडून जातो, फार लहान दिला तर जुळायला वेळ लागतो. ही पद्धत स्टॅनफर्डमध्ये बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी १९६० मध्ये मांडली. पुढे इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या रचनेत वाटा असलेले हॉफ ते हेच. टेलिफोनच्या तारांमधला प्रतिध्वनी असा शिकत-शिकत पुसण्याची रीत बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत भारतीय वंशाच्या मनमोहन सोंधींनी १९६७ च्या निबंधात मांडली. अंदाज बांधणं आणि गुणक सुधारणं मिळून सेकंदाला ६४ लाख गुणाकार होतात, आणि तुमच्या डॅशबोर्डमागची एवढीशी चिप ते करते.

पण तिला दोन गोष्टी जमत नाहीत. दोघं एकदम बोलले तर तुमचा आवाजही तिला चूक वाटतो आणि गुणक भरकटतात. म्हणून अशा वेळी ती शिकणं थांबवते. दुसरी अडचण आपण स्वतः निर्माण करतो. गुणून बेरीज करणारं गणित मूळ आवाजात नसलेली कंपनसंख्या तयार करू शकत नाही. स्पीकर जास्त आवाजाने फाटला किंवा दाराचं पॅनल खुळखुळलं, की माइकमध्ये असे आवाज येतात जे चिपने पाठवलेलेच नव्हते. ते वजा होत नाहीत, थेट पलीकडे जातात. तक्रार आल्यावर पहिला उपाय हाच: आवाज कमी करा, तोही किटच्या बटणाने. किट ऑक्सला (स्टिरिओत बाहेरचा आवाज घेणाऱ्या खाचेला) जोडलं असेल तर स्टिरिओचा आवाज एकदा ठरवून तसाच ठेवा. तो बदलला की चिपला नव्याने शिकावं लागतं.

माइक कुठे लावायचा हेही इथूनच ठरतं. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो, गाडीची घरघर मात्र तेवढीच राहते. समोरच्या काचेच्या कडेला चालकाच्या बाजूला असलेल्या खांबावर वरच्या टोकाला किंवा सनव्हायझरजवळ, तोंडाकडे वळवून, ३० ते ५० सेंटिमीटरवर लावा. एसीच्या झोतात आणि आरशाला टांगलेल्या वस्तूंच्या शेजारी नको. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून किटमध्ये सोय असेल तर आवाज डाव्या पुढच्या स्पीकरला द्या. खांबात कर्टन एअरबॅग असेल तर माइकची वायर तिच्या मागूनच न्यायची, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना (तारांच्या जोडांना) हात लावायचा नाही.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. तार ओळखताना तेवढ्यापुरती ती पुन्हा जोडावी लागते. स्टिरिओमागच्या आयएसओ (ठरावीक प्रमाणाच्या) कपलरमध्ये ४ नंबरला कायमचा पुरवठा, ७ ला किल्लीचा (किल्ली फिरवल्यावरच येणारा), ८ ला अर्थ (निगेटिव्ह). काही युरोपीय गाड्यांत ४ आणि ७ उलटे असतात. गाडीचा कपलर वेगळा असेल तर वायर कापू नका, त्या मॉडेलचा अ‍ॅडॉप्टर घ्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे तो शोधा. रंगांवर विसंबू नका. स्टिरिओच्या हार्नेसमध्ये बहुधा पिवळी तार कायमची आणि लाल किल्लीची असते, तर काही किटमध्ये लाल कायमची आणि नारिंगी किल्लीची. मल्टिमीटर लावा: किल्ली काढूनही १२ व्होल्ट दाखवते ती कायमची. किल्लीची तार चुकून कायमच्या पुरवठ्याला जोडली तर किट बंदच होत नाही. १०० मिलिअँपिअर खेचत राहिलं तरी दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात, आणि लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्यात निम्मी होते.

स्पीकरची एकही तार बॉडीला लागता कामा नये, अँप्लिफायर जळतो. जोड डाग देऊन (सोल्डर करून), वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून करा. नुसत्या टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळून टेप सुटते. अर्थ स्टिरिओच्याच अर्थला द्या, वेगळ्या बोल्टला दिला तर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते.

दुकानात किटबरोबर 'रेडिएशन रोखणारा' स्टिकर विकतात. तो घेऊ नका. त्याने खरंच लहरी अडवल्या तर टॉवर गाठण्यासाठी फोन उलट जास्त शक्ती लावेल. आणि किटची शक्ती मुळातच किरकोळ: त्यातलं ब्लूटूथ बहुधा २.५ मिलिवॅटचं असतं, जीएसएम फोनची कमाल शक्ती २ वॅट. आणि 'हँड्सफ्री म्हणजे सुरक्षित' ही जाहिरातही खरी मानू नका. टोरांटोतल्या १९९७ च्या प्रसिद्ध अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट आढळली आणि हँड्सफ्रीने ती कमी झाल्याचं दिसलं नाही.

डॅशबोर्डचं पॅनल परत बसवण्याआधीच चाचणी घ्या. गाडी उभी, इंजिन सुरू, काचा बंद. पलीकडच्याला सलग मिनिटभर काही वाचायला सांगा आणि तुम्ही गप्प राहा. गुणक तेव्हाच नीट जुळतात. पहिल्या काही सेकंदांत त्याला प्रतिध्वनी येऊन विरला तर जोडणी ठीक आहे. मिनिटानंतरही टिकला तर आवाज दोन पायऱ्यांनी उतरवा, दाराचं पॅनल हाताने दाबून खुळखुळ थांबते का ते ऐका आणि मगच माइकची जागा बदला.