मेथड व्हॅलिडेशन (औषधांचे गुणवत्ता नियंत्रण)

औषधाची चाचणी ज्या पद्धतीने करायची, ती त्या कामाला लायक आहे हे आधी पुराव्यानिशी सिद्ध करणे म्हणजे मेथड व्हॅलिडेशन. ठाणे-बेलापूर मार्गालगतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या औषध कंपन्यांत हे काम बरेचसे एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, चालते. प्रत्येक घटक यंत्राच्या आलेखावर (क्रोमॅटोग्राम) एका उंचवट्यासारखा दिसतो; त्याला पीक म्हणतात. आधार आयसीएच या औषधांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू२ मार्गदर्शक तत्त्वांचा. त्यांची सुधारित आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वीकारली गेली.

सर्वांत आधी स्पेसिफिसिटी, म्हणजे पद्धत फक्त हवे ते औषधच मोजते ना, हे पाहावे. गोळीवर आम्ल, अल्कली, पेरॉक्साइड, उष्णता व प्रकाश यांचा मारा करून औषध थोडे विघटित करतात आणि मुख्य पीकखाली दुसरे काही दडलेले नाही ना, हे पीडीए डिटेक्टरवर (एकाच वेळी अनेक तरंगलांबींवर प्रकाशशोषण मोजणारा शोधक) तपासतात. इथे ढिलाई झाली तर पुढचे सगळे आकडे सुंदर येऊनही निरर्थक ठरतात. लिनिॲरिटीला (तीव्रतेच्या प्रमाणात यंत्राचा प्रतिसाद वाढतो का) किमान पाच तीव्रता लागतात. ॲक्युरसीसाठी (निकाल खऱ्या मूल्याच्या किती जवळ) तीन पातळ्यांवर, सहसा ८०, १०० व १२० टक्क्यांना, प्रत्येकी तीन नमुने. रिपीटॅबिलिटीला (पुन्हा पुन्हा मोजून तोच निकाल येतो का) १०० टक्क्यांवर सहा.

रिकव्हरी (घातलेल्या औषधापैकी चाचणीत मिळालेला भाग) कमी आली की आधी फिल्टर तपासावा. काही औषधे फिल्टरच्या पडद्याला चिकटतात; म्हणून गाळलेले सुरुवातीचे काही मिली टाकून द्यायचे, आणि किती टाकायचे हे व्हॅलिडेशनमध्येच ठरवायचे. पावसाळ्यात नवी मुंबईच्या दमट हवेत ओलावा शोषणारे स्टँडर्ड (तुलनेसाठीचा शुद्धता माहीत असलेला संदर्भ नमुना) उघडे राहिले, तर वजनात पाणीही मोजले जाते. स्टँडर्डचे पीक लहान येते आणि नमुन्याचा ॲसे (औषधाचे मोजलेले प्रमाण) खोटाच वाढतो.

डेटा इंटिग्रिटी, म्हणजे नोंदींची विश्वासार्हता, हा या कामाचा कणा आहे. नोंद कोणी केली, केव्हा केली, मूळ कोणती, हे कधीही दाखवता आले पाहिजे. वजनकाट्याची थर्मल पावती काही महिन्यांत फिकी पडते. तिची सही-तारखेसह खरी प्रत काढून मूळ पावतीसोबत जोडावी. सामाईक पासवर्ड चालत नाही. सॉफ्टवेअरचे ॲडमिन अधिकार आणि संगणकाचे घड्याळ ॲनालिस्टच्या हाती नसावे. खरा नमुना ‘ट्रायल’ म्हणून आधी यंत्रात टोचून पाहणे हा गंभीर दोष आहे. सिस्टीम सुटेबिलिटीसाठी (यंत्र चाचणीला तयार आहे का, याची तपासणी) स्टँडर्डच वापरावे.

सर्वाधिक वाद मॅन्युअल इंटिग्रेशनवर, म्हणजे पीकचे क्षेत्रफळ हाताने सीमा आखून मोजण्यावर, होतात. बेसलाइन (पीकखालची पायारेषा) जराशी वर ओढली की अशुद्धीचे पीक मर्यादेत बसते. म्हणून जुना व नवा दोन्ही निकाल कारणासह जपावेत, आणि रिव्ह्यूअरने छापील क्रोमॅटोग्रामवर न थांबता निकाल मंजूर करण्याआधी ऑडिट ट्रेल (कोणी, केव्हा, काय बदलले याची संगणकातली नोंद) उघडून पाहावा.