शू करणं आणि शू होणं

सकाळी साडेसहाला ठमीला खाली फिरवून आणलं. कुंपणाजवळ ती दोनदा बसली, तिसऱ्यांदा बसल्यासारखं केलं. वर येऊन मी चपला काढतेय तोवर पायपुसण्यावर वाटीभर थारोळं. साडेचार महिन्यांची लॅब्रॅडॉर, वजन १७ किलो, आणि मागचे तीन आठवडे घरात एक थेंबही नाही. माझा निष्कर्ष तयारच होता: मुद्दाम करतेय. तो चुकीचा होता, आणि चूक माझ्या क्रियापदात होती.

लहान मुलाबद्दल बोलताना आपण किती चोख असतो बघा. “त्याने शू केली” वेगळं, “त्याला चड्डीत शू झाली” वेगळं. पहिल्यात मूल कर्ता असतं, दुसऱ्यात बिचारं नसतं. पिल्लाबद्दल मात्र सरसकट एकच तक्रार: “घरात करतो.” तो करतो की त्याला होते, हे ठरल्याशिवाय पुढचा एकही उपाय बरोबर लागत नाही. एकाचा उपाय वेळापत्रकात आहे, दुसऱ्याचा बहुतेक वेळा डॉक्टरांकडे किंवा आपल्याच वागण्यात.

मोठ्या जातींच्या बाबतीत गोंधळ जास्त होतो, कारण डोळे फसतात. चार महिन्यांचा जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेन अंगापिंडाने थोराड दिसतो, म्हणून आपण त्याला मोठा धरतो. पण मूत्राशयावरचा ताबा वजनाने येत नाही, वयाने येतो. ढोबळ हिशेब असा की, जितके महिने वय, त्यात एक मिळवा; दिवसा फार तर तितके तास धरवेल. चार महिन्यांच्या पिल्लाला पाच तास, तेही झोपलेलं असेल तर. खेळणाऱ्या पिल्लाला अर्ध्या तासातही लागते. बरं, मोठ्या जाती शिकायला मंद असतात असंही नाही. उलट छोट्या जातीच जास्त रडवतात. फक्त पॉमेरेनियनचं थारोळं सोफ्याखाली खपून जातं, डेनचं हॉलभर पसरतं.

आधी “करणं” घेऊ. करणाऱ्या पिल्लाची वेळ ठरलेली असते: झोपून उठल्यावर, खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत, खेळ रंगात असताना. आधी ते नाक जमिनीला लावून गोल फिरतं, दुसऱ्या खोलीत सटकतं, मग बसतं आणि एकदाच भरपूर करून मोकळं होतं. जागाही निवडलेली असते. पायाखाली काय लागलं की करायचं, ही आवड पिल्लाला साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात लागते, म्हणजे बरेचदा आपल्या घरी येण्याच्या आधीच. गवतावर वाढलेलं पिल्लू गवत शोधतं. पिंजऱ्यात, स्वतःच्याच घाणीत ठेवलेलं पिल्लू काहीच शोधत नाही. त्याला शिकवताना घाम फुटतो.

त्यात आपली फ्लॅटमधली अडचण. लशींचे डोस सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूच्या भीतीने डॉक्टर तोवर पिल्लाला रस्त्यावर सोडू नका म्हणतात. ते बरोबरच आहे. पण तेवढ्या काळात पिल्लू बाल्कनीतल्या वर्तमानपत्रावर पक्कं होतं आणि मग खाली नेलं की तासभर हुंगत फिरून, वर येऊन, निवांत पेपरवर करतं. त्याच्या दृष्टीने ते अगदी शिस्तीत वागलेलं असतं! अशा वेळी शू लागलेला पेपर पिशवीत घालून खाली न्यावा आणि ठरलेल्या कोपऱ्यात अंथरावा. चार-पाच दिवसांत पेपरचा आकार कमी करत जावा. पावसाळ्यात आणलेल्या पिल्लाचं आणखी वेगळंच: ओल्या गवतात पाय टाकायलाच ते तयार नसतं. तिथे पार्किंगची कोरडी कड चालवून घ्यावी लागते, वॉचमनशी गोड बोलून.

बाकी काम कंटाळवाणं आहे. दर दोन तासांनी खाली. घरात मोकळं सोडायचं नाही. पट्टा आपल्या कमरेला किंवा खुर्चीला, म्हणजे सटकणं दिसतं. खाऊ शू संपताक्षणी, तिथेच द्यायचा. वर आल्यावर दिलेला खाऊ “वर आल्याचा” होतो. आणि शू झाली रे झाली की लगेच घरी फिरायचं नाही. नाहीतर हुशार पिल्लू शिकतं की केलं की फिरणं संपतं, मग ते धरून ठेवतं.

पुसण्याचंही एक आहे. आपण फिनेल ओततो, आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं, पिल्लाच्या नाकाला खालचा वास तसाच येत राहतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमवालं द्रावण खरोखर कामाचं असतं. अमोनिया असलेलं काहीही नको, शूमध्येही तोच वास असतो.

आता “होणं”. याचे दोन चेहरे आहेत आणि दोन्ही पहिल्यापेक्षा अगदी वेगळे दिसतात.

एक मनाचा. दारात पाहुणे आले, कुणी वरून वाकून डोक्यावर हात ठेवला, आवाज चढला, की पिल्लू कान मागे पाडतं, अंग चोरतं, उलटं पडतं आणि थोडीशी शू सुटते. काहींना निव्वळ आनंदाने होते. ही शू म्हणजे कुत्र्यांच्या भाषेत “मी लहान आहे, सोडा मला” असं सांगणं. त्यावर ओरडलं तर ते पुन्हा तेच, अजून मोठ्याने सांगणार. उपाय आपल्या वागण्यात: आल्याआल्या पाच मिनिटं दुर्लक्ष करा, मग बाजूने खाली बसून छातीला खाजवा. बहुतेकांचं वर्षाच्या आत आपोआप थांबतं.

दुसरा शरीराचा. इथे खुणा नीट पाहाव्या लागतात, कारण पिल्लू बसून करताना दिसतं आणि आपल्याला ते “करणं”च वाटतं. ठमीचं हेच झालं. थोडी थोडी, पुन्हा पुन्हा. खाली तीनदा बसून पुन्हा घरात. नंतर बराच वेळ चाटणं. आणि सगळ्यांत ठळक म्हणजे शिकलेलं अचानक विस्कटणं. माद्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतुसंसर्ग त्यांना जास्त होतो. संसर्ग झाला की मूत्राशय भरलं नसतानाही लागल्यासारखं वाटतं. ज्याला कधी उन्हाळी लागली आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

झोपेत अंथरूण ओलं होणं ही आणखी वेगळी खूण. पिल्लू आणल्या दिवसापासून मादी सतत ठिबकत असेल, मागचे केस कायम ओले असतील, तर मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात येणारी नळी, जन्मतःच चुकीच्या जागी उघडत असण्याची शक्यता असते. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की यांच्यात हा दोष जास्त सापडतो. तिथे जगातलं कुठलंही प्रशिक्षण उपयोगाचं नाही. सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची भाषा करावी लागते. तिसरं, पाणी. किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली हे साधारण पिणं. १०० च्या पुढे जात असेल तर डॉक्टरांना सांगायला हवं. पिल्लं थोडं जास्त पितात, पण बाटलीने मोजून भांडं भरलं तर दोन दिवसांत कळतं. खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर पिल्लू घटाघटा पाणी पिणार आणि तितकंच सोडणार, तो औषधाचा गुण आहे. काहीही असो, घरात शू होते म्हणून पाणी तोडू नका. संसर्ग असताना ते उलटंच ठरतं.

मी काय केलं ते सांगते. मी ओरडले. ठमीने कान पाडले, नजर चुकवली, आणि मला वाटलं, बघा, हिला कळतंय! कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कुत्र्याने खरंच आगळीक केली होती की नाही याचा त्या ओशाळ्या चेहऱ्याशी संबंध दिसला नाही, मालक रागावला की नाही याच्याशी दिसला. म्हणजे ठमी माझा चेहरा वाचत होती, पायपुसणं नव्हे. शिवाय ओरडल्याने एक नवीन भर पडली: ती माझ्यासमोर करायचीच थांबली, खालीसुद्धा. पलंगामागे मात्र करू लागली.

चौथ्या दिवशी तपासणीसाठी नमुना धरला. लॅब्रॅडॉर मादी बसली की पोट जमिनीपासून चार बोटं वर असतं, तिथे डबी जात नाही. शेवटी लांब दांड्याचा जुना डाव उकळून घेतला आणि पहाटेच्या पहिल्या शूची मधली धार त्यात झेलली. तो डाव परत स्वयंपाकघरात गेला नाही. नमुना तासाभरात पोचवावा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावा. जंतू वाढवून पाहायचे असतील तर डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून घेतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण पिल्लू लस टोचल्याइतकंच कुरकुरतं. आमच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, भरपूर निघाले: संसर्गच होता. गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी ती खाली एकदाच बसली, अर्धा मिनिटभर, शांतपणे.

पण पायपुसण्यावरची शू थांबली नाही. गोळ्या संपल्या, दुसरा रिपोर्ट स्वच्छ आला, तरी सकाळी वर आलो की स्वारी पायपुसण्याकडे. त्या दहा-बारा दिवसांत तिच्या पायांनी ती जागा पाठ केली होती: मऊ, शोषून घेणारी, ओळखीच्या वासाची. होता होता ती करायला लागली होती. मग पुन्हा पट्टा खुर्चीला, पुन्हा दर दोन तासांनी खाली, शेंगदाण्याएवढे उकडलेल्या चिकनचे तुकडे खिशात, आणि घरातली तिन्ही पायपुसणी माळ्यावर. महिनाभर आम्ही ओल्या पायांनी फरशीवर ठसे उमटवत फिरलो.