झोंबी, वेताळ आणि गोव्याचे पाणी

गोव्याच्या किनाऱ्यावर झोंबी अवतरले ते 2013 साली, एका हिंदी विनोदी सिनेमातून. बेटावरच्या पार्टीत नवी अमली गोळी वाटली जाते, सकाळी ती खाणारे मेलेले पण चालते असतात, आणि वाचलेल्या मित्रांना होडी गाठायची असते. पाणी ओलांडले की सुटलो, हा हिशोब तिथलाच.

खरा घोळ शब्दाचा. मराठीत झोंबी म्हणजे झटापट, अंगाला भिडणे. म्हणून काहीजण ‘झॉम्बी’ लिहितात, आणि देशी शब्द हवा असला की वेताळाला पुढे करतात. 2020 च्या एका हिंदी मालिकेने ब्रिटिश पलटणीच्या उठलेल्या प्रेतांना हेच नाव चिकटवले. गोव्यात ते खपू नये. वेताळ प्रेत नव्हे, प्रेतात शिरणारा. ‘वेताळ पंचविशी’तला राजा खांद्यावर नेतो ते धूड नुसते वाहन. आतला कोडी घालतो आणि राजा बोलला की परत झाडाला लटकतो. झोंबीचे उलटे: देह चालतो, आत कुणी नसते. शिवाय इथे वेताळ देव आहे. लोलये, पैंगीण, आमोणे इथे त्याची देवळे आहेत, बेताळभाटीच्या तर नावातच तो आहे. रात्री गावाची राखण करत हिंडतो म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात; जुन्या जोडाचे तळ झिजलेले निघतात, असे भाविक सांगतात. पळणाऱ्यांच्या गोष्टीत त्याची जागा वेशीवर, माणसांच्या बाजूने.

मूळ शब्द आफ्रिकेतून गुलामांबरोबर हैतीत गेला. तिथला झोंबी चावत नसे. मेल्यावरही राबवला जाई. माणसे खाणारी झुंड 1968 च्या अमेरिकी सिनेमाची, आणि गंमत म्हणजे त्यात हा शब्दच नाही.

साथीपुढे गाव सोडणे मात्र गोव्याला जुनेच. पटकी आणि तापाने जुने गोवे ओस पडत गेले, व्हाइसरॉयचा मुक्काम 1759 मध्ये पणजीला हलला, 1843 मध्ये पणजी राजधानी झाली. ओस घरांचे चिरेही नव्या वस्तीत गेले. रायबंदरहून पणजीला येणारा सतराव्या शतकातला बांध आजही वापरात आहे: सुमारे तीन किलोमीटर, अरुंद, कडेला मिठागरे आणि कांदळवन. एक बस आडवी झाली की वाट बंद, आणि चिखलात उतरलेला माणूस मांडीपर्यंत रुततो.

पणजी आणि जुने गोवे ज्या बेटावर आहेत त्या तिसवाडीला मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याचा कालवा वेढतात. जुन्या गोव्याहून समोर दिवाडीला फेरीबोट जाते. तिचा पुढचा रॅम्प धक्क्याच्या उतारावर नीट टेकावा लागतो. ओहोटीत पाणी फार उतरले तर बोट गाळात अडकते आणि भरतीसाठी सहाएक तास थांबावे लागते. त्यामुळे झोंबींपासून पळणाऱ्याने निघायची वेळ घड्याळावर नाही, भरतीवर ठरवायची. बेटावर पोचले तरी खाजनाचे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताचे, मानस (पाणी सोडायचे दार) सांभाळायला माणूस हवा: त्याची लाकडी दारे ओहोटीला उघडतात, भरतीच्या दाबाने मिटतात. फळी कुजली किंवा दारात ओंडका अडकला की खारे पाणी शेतात शिरते, आणि पुढच्या पिकाचा भात गेला.