न्यू इंग्लंडमधील वसाहतकालीन शेतघर

सतराव्या-अठराव्या शतकांत अमेरिकेच्या ईशान्य भागातील मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट इत्यादी वसाहतींत इंग्रज शेतकरी कुटुंबांनी बांधलेले लाकडी घर. ओकच्या खांब-तुळयांचा सांगाडा, बाहेरून फळ्या आणि बहुधा मधोमध दगडाविटांचे जाडजूड धुराडे. बॉस्टनजवळ डेडम येथील फेअरबँक्स घर हे आजही उभे असलेले सर्वांत जुने उदाहरण; तुळयांच्या लाकडातील वाढीच्या वलयांवरून त्याचा काळ १६३७–१६४१ असा ठरतो.

दारातून आत जाताच चिंचोळी देवडी, तिथूनच जिना. एका अंगाला हॉल, दुसऱ्या अंगाला पार्लर. हॉल हे खरे माजघर: स्वयंपाक, जेवण, सूतकताई, मुलांची अक्षरओळख, सगळे तिथेच. पार्लर म्हटले की मराठी माणसाला आइस्क्रीम आठवेल. इथे मात्र ती घरातली चांगली खोली, आईवडिलांचा पलंग असलेली. माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी बहुतेकदा खोलीवार केली जाई. अशा याद्यांत गादी-पडद्यांसह हा पलंग अनेकदा सर्वांत किमती सामान ठरतो. त्याच्याखाली सरकवलेला बुटका पलंग रात्री लहानग्यांसाठी ओढून काढत. सात-आठ मुले असणे नवलाचे नव्हते. मोठी मुले माळ्यावर, धान्याच्या पोत्यांशेजारी निजत.

हॉलमधली चूल माणूस आत उभा राहील एवढी मोठी असे. धुराड्यात आडव्या बसवलेल्या ओल्या लाकडाच्या दांड्याला भांडी टांगत. दांडा वाळत, करपत जाई आणि एखाद्या दिवशी भांड्यासकट खाली येई. पुढे लोखंडी फिरता दांडा आला तेव्हा हा घोर मिटला. भट्टीत आधी जाळ करून निखारे ओढून काढत, आत हात घालून धग अजमावत आणि मग मका आणि राय (गव्हासारखे एक धान्य) यांच्या पिठाचे पाव आत सारत. एवढी आग असूनही हिवाळ्यात तोंड भाजे नि पाठ गारठे. दौतीतली शाई गोठल्याची नोंद त्या काळच्या रोजनिशीत सापडते.

खुर्ची असलीच तर घरधन्याची. बाकीचे बाकावर किंवा पेटीवर बसत, दोघांत एक लाकडी ताट घेत; काटा क्वचितच दिसे.

पुढे मागच्या बाजूला पडवी काढून स्वयंपाकघर तिकडे नेण्याची रीत पडली. त्यामुळे मागचे छप्पर लांब उतरते झाले. मिठाच्या पेटीसारख्या या आकारावरून अशा घरांना ‘सॉल्टबॉक्स’ म्हणतात. फेअरबँक्स घरालाही अशा जोडण्या होत गेल्या. एकाच कुटुंबाच्या आठ पिढ्या तिथे नांदल्या. आता ते संग्रहालय आहे.