प्रवाळाच्या टाकीतली उसनी मापं

घरी प्रवाळाची टाकी लावायला निघालेल्या नवख्याने जाणत्यांना विचारलं, पाण्यात मीठ किती ठेवायचं, तर एक जण १.०२६ सांगतो, दुसरा ३५, तिसरा ५३. तिघंही बरोबर असतात. पहिलं विशिष्ट गुरुत्व, दुसरी दर हजारी क्षारता, तिसरी २५ अंश सेल्सिअसला मोजलेली विद्युतवाहकता. पुढे अल्कलिनिटीचा, म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या बायकार्बोनेटच्या साठ्याचा, विषय निघाला की ‘सात-आठ डीकेएच’ हे चौथंच माप मध्ये येतं. या छंदातलं जवळपास एकही माप प्रवाळासाठी तयार झालेलं नाही. कुठून कुठून उचलून आणलेली ही मापं आहेत, आणि प्रत्येकाने मूळ धंद्यातली खोड सोबत आणली आहे.

सुरुवातीला मापं नव्हतीच. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही दगडी प्रवाळ लंडनला नेले. प्रवासात ते हिंदकळून एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजला टाचून घेतले होते. लंडनमध्ये समुद्र नाही, पाणी बदलणार कुठून? मग घरातली मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून रोज तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. आज पंप जे काम करतो ते तिच्या हातांनी केलं. तिचं नाव मात्र कुणी नोंदवून ठेवलेलं नाही.

लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये १८५३ साली सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि खाऱ्या पाण्याची मागणी वाढली. किनाऱ्यावरून पिंपं आणणं महाग पडे. निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये घरीच समुद्र तयार करायची कृती दिली: साडेतीन औंस खाण्याचं मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड, ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड, आणि चार क्वार्टला थोडं कमी पाणी. यात कॅल्शियम कुठेच नाही. गॉस यांच्यासमोर समुद्राच्या पाण्याचं पृथक्करण होतं, त्यात चुन्याचे क्षारही होते. पण त्यांचं प्रमाण थोडं, शिवाय साध्या पाण्यातून थोडा चुना येईलच, म्हणून त्यांनी ते गाळले. ज्या घटकावरून पुढची पिढी रात्र रात्र जागणार होती, तो पहिल्याच कृतीतून वगळला गेला. अर्थात प्रवाळ वाढवणं हा गॉस यांचा हेतू नव्हता, त्यामुळे त्यांना फार दोष देता येत नाही.

त्याच सुमारास समुद्रशास्त्र स्वतःच्या वाटेने चाललं होतं. डेन्मार्कच्या योहान फोर्शहामर यांनी १८६५ मध्ये जगभरच्या नमुन्यांवरून दाखवलं की पाणी कमी-जास्त खारट असलं तरी त्यातल्या मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण बहुतेक सारखंच असतं. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या सफरीत आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले, आणि १८८४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं. शास्त्रज्ञांची मोठी सोय झाली. एकट्या क्लोराइडचं प्रमाण मोजा, बाकीचं हिशेबाने काढा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्टिन क्नुडसेन यांच्या कोष्टकांनी हीच पद्धत सगळीकडे रूढ केली. पुढे १९७८ च्या व्यावहारिक क्षारता-मापनश्रेणीने क्लोराइडची जागा विद्युतवाहकतेला दिली.

डिटमार यांना एक किरकोळ अपवाद मात्र दिसला होता. खोल पाण्यात कॅल्शियम किंचित जास्त होतं. महासागरात हा फरक नगण्य. दोनशे लिटरच्या टाकीत सगळा खेळ त्याचाच. प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतो. मीठ ३५ वर स्थिर दिसतं, पण आतलं गणित रोज बिघडत असतं. समुद्रात लिटरमागे साधारण ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि अल्कलिनिटी सात डीकेएचच्या आसपास. प्रवाळाने २.८ डीकेएच अल्कलिनिटी खाल्ली तर सोबत कॅल्शियम फक्त २० मिलिग्रॅम जातं. म्हणजे एक घटक चाळीस टक्के उतरला तरी दुसरा पाच टक्केसुद्धा हललेला नसतो. कॅल्शियमचा आकडा बघून निर्धास्त राहणाऱ्यांचे प्रवाळ का मरायचे, ते या हिशेबात आहे.

ही गोष्ट छंदात उशिरा शिरली, कारण छंद बराच काळ माशांचाच होता. १९६० च्या दशकात तयार मिठाच्या पिशव्या बाजारात आल्या, तेव्हा १.०२० ते १.०२२ वर टाकी चालवणं सर्रास होतं. मीठ कमी लागे, मासे तगून राहत. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लिहिलेली पद्धत वेगळी होती: समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि जवळचंच ताजं समुद्रपाणी. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्याला तिचा उपयोग थोडाच.

अडकलेलं गाडं चुन्याने हललं. १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी चुन्याच्या निवळीचा प्रसार केला. पानाला लावतो तोच कॅल्शियम हायड्रॉक्साइड, फक्त शुद्ध प्रतीचा. पाण्यात कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी थेंब थेंब टाकीत सोडायचं. यात कॅल्शियम मिळतं, शिवाय हायड्रॉक्साइड पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून बायकार्बोनेट होतं. दोन्ही घटक प्रवाळाला लागतात त्याच प्रमाणात. टाकीतून रोज उडून जाणारं पाणी भरून काढायचंच असतं, ते याच निवळीने भरलं की मीठही जागेवर राहतं. निवळीचा सामू (पीएच) बाराच्या वर असतो, म्हणून ती रात्री सोडायची. तेव्हा टाकीचा सामू उतरलेला असतो. घाईने ओतली तर पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं. बर्लिनच्या हौशी मंडळींनी ही निवळी, जिवंत दगड, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि प्रखर दिवे एकत्र आणले, आणि दगडी प्रवाळ घरात नुसता जगण्याऐवजी वाढू लागला. तिकडे अमेरिकेत १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने ठिबक-फिल्टरची लाट आणली. तिचा गाजावाजा मोठा झाला, पण ती फार टिकली नाही.

टाकी प्रवाळांनी भरली की निवळी पुरत नाही, कारण जेवढं पाणी उडतं तेवढीच ती घालता येते. हान्स-व्हर्नर बॅलिंग यांनी १९९० च्या दशकात तोडगा सुचवला: एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडियम बायकार्बोनेट. प्रवाळ आपला वाटा उचलतो आणि मागे उरतं साधं मीठ. ते साचत जाऊन क्षारता चढते. म्हणून तिसऱ्या बाटलीत सोडियम क्लोराइड वगळलेलं सागरी मीठ आणि अधूनमधून क्षारतेची तपासणी. तिसरी बाटली अनेक जण खर्च वाचवायला टाळतात. पाणी नियमित बदलत असाल तर ते खपून जातं.

मोजायची साधनंही अशीच इकडून तिकडून आली. १५.६ अंशांसाठी बनवलेला काचेचा हायड्रोमीटर २५ अंशांच्या टाकीत सोडला तर १.०२६ चं पाणी १.०२४ च्या आसपास दाखवतो. स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर बहुधा खाद्यउद्योगातल्या मिठवणासाठी आखलेला असतो. त्यात निव्वळ सोडियम क्लोराइड धरलेलं असतं, त्यामुळे ३५ चं समुद्रपाणी तो ३६.५ वाचतो. शून्यावर लावून भागत नाही, ३५ चं प्रमाणित द्रावण हवंच. डीकेएच तर जर्मन नळाच्या पाण्याचा जडपणा सांगणारं माप: एक अंश म्हणजे लिटरमागे दहा मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड. साबणाला फेस येत नाही आणि बॉयलरला पापुद्रा धरतो, या तक्रारींसाठी ते होतं.

आपल्याकडे या छंदाला कायद्याची बाजूही आहे. २००१ पासून दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणून मालवणच्या किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा उचलून टाकीत ठेवणं गुन्हा आहे. किनाऱ्याचं पाणी आणावं म्हटलं तर पावसाळ्यात ते नदी-नाल्यांनी पातळ झालेलं असतं. मुंबई-पुण्याच्या टाक्या त्यामुळे आरओच्या पाण्यावर आणि आयात मिठावर चालतात. एप्रिल-मे महिन्यांत पाणी थंड ठेवायला वर पंखा लावला की बाष्पीभवन वाढतं, आणि टॉप-अप एक दिवस चुकला तरी लहान टाकीत क्षारता दिसण्याइतकी चढते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत पाण्याची कुपी प्रयोगशाळेत पाठवून आयसीपी चाचणी करून घ्यायची पद्धत रुळली. प्लाझ्मात नमुना तापवून तिथे स्ट्रॉन्शियमपासून तांब्यापर्यंत डझनावारी मूलद्रव्यांचे आकडे मिळतात. अल्कलिनिटी हे मूलद्रव्य नाही, त्यामुळे ती या यंत्रात सापडत नाही. प्रयोगशाळेने वेगळी मोजली तरी कुपी पोचेपर्यंत टाकीतला आकडा बदललेला असतो. ती अजून घरीच, पाण्याचा रंग पालटेपर्यंत थेंब मोजून काढावी लागते.