नाथसागराची टक्केवारी

नाथसागराची टक्केवारी म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणात वापरता येण्यासारखं पाणी किती साठलंय त्याचा रोजचा आकडा. पावसाळा लागला की तो सकाळी सकाळी मोबाईलवर फिरायला लागतो, कधी पाटबंधारेच्या तक्त्याचा फोटो, कधी नुसती एक ओळ, आणि मग टपरीवर, एसटीत, आडतीवर सगळीकडं एकच, किती झालं, पाणी यायलंय का वरून? मराठवाड्यात ढग नसले तरी नाशिककडं धो धो झालं की गोदावरीवरच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून विसर्ग, म्हणजे सोडलेलं पाणी, वाढतो आणि इकडं कोरड्या पैठणला पाणी चढायला लागतं, त्यामुळं आपल्या गावात पाऊस नसतानाही लोक हा आकडा बघत बसतात.

जायकवाडी हे खरं तर बीड जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव, धरण आधी तिथं ठरलं होतं, जागा पैठणला आली पण नाव तेच राहिलं. नाथसागर हे जलाशयाचं नाव एकनाथ महाराजांवरून. पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, लोकार्पण २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते. मातीचं धरण, २७ दरवाजे, पूर्ण भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट, म्हणून जुनी माणसं अजून टक्क्यात बोलत नाहीत, किती फुटावर आलंय असंच विचारतात. डावा कालवा जालना परभणीकडं जातो, उजवा बीडकडं, आणि संभाजीनगर, जालना या शहरांचं पिण्याचं पाणी अन् एमआयडीसीचं पाणी यातूनच.

आता आकड्याची गंमत नीट समजून घ्यावी लागते कारण निम्मी भांडणं तिथंच लागतात. धरणाचा एकूण साठा २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला ७३८ मृत साठा म्हणजे कालव्यात उतरू न शकणारा, आणि उरलेला २१७१ दलघमी (साधारण ७६.६५ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) तो जिवंत साठा. रोजची टक्केवारी या जिवंत साठ्याची असते. म्हणजे "शून्य टक्के" झालं तरी धरणात तब्बल २६ टीएमसी पाणी असतं आणि पंप लावून शहरांना तेच पाजतात. पण तेच पाणी एकूण साठ्यावर मोजलं तर २५ टक्के निघतं! एकाच दिवशी एक जण म्हणतो धरण संपलं, दुसरा म्हणतो पाव धरण भरलेलंय, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. ज्याला जो आकडा सोयीचा तो तोच पुढं ढकलतो, आणि कशाची टक्केवारी हे मेसेजमध्ये कुणीच लिहीत नाही. शिवाय १९७६ पासून गाळ साचतोय, त्यामुळं आजचे १०० टक्के म्हणजे तेव्हाएवढंच पाणी असं धरून चालत नाही.

हा आकडा राजकीय झाला तो समन्यायी पाणीवाटपामुळं. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा, त्यात खोऱ्यातल्या सगळ्यांनी टंचाई वाटून घ्यायची असं तत्त्व आहे, पुढं २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीचा अहवाल आला आणि त्यातून १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांनी, म्हणजे गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा-निळवंडे यांनी पाणी सोडायचं असा हिशोब रुजला. २०१६ ला हायकोर्टानंही मराठवाड्याचा हक्क मान्य केला. तरी २०२३ ला ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला आणि वर विरोध, खाली रास्ता रोको, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. इथं पक्ष चालत नाही, एकाच पक्षाचा नगरचा पुढारी आणि मराठवाड्याचा पुढारी समोरासमोर उभे राहतात, नदीच पक्ष ठरवते. आणि सोडलेलं पाणी अन् पोचलेलं पाणी हे परत दोन वेगळे आकडे, कारण कोरड्या पात्रात मुरतं, उन्हानं उडतं, म्हणून पाणी अडू नये यासाठी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, पंपानं कुणी उचलू नये म्हणून नदीकाठची वीज बंद करतात. त्या काठच्या शेतकऱ्याचं उभं पीक असतं, त्याला पाणीचोर म्हणणं मला पटत नाही, पण हक्काचं पाणी मागणाऱ्या पैठणच्या माणसाला भांडखोर म्हणणंही तितकंच चूक आहे.

हे प्रमाण एकदा मनात घ्या: १ लाख क्युसेकनं (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) दिवसभर पाणी आलं तर ८.६४ टीएमसी होतं, म्हणजे साधारण ११ टक्के. २०२३ चं सगळं भांडण पुराच्या एका दिवसाच्या पाण्याएवढं होतं. पावसाची सरासरी तीच, पण एक वर्ष भरपूर आणि एक वर्ष अजिबात नाही, असं व्हायला लागलं की कागदावरचे नियम ताणले जातात.

भरल्यावर प्रश्न उलटा होतो. २००६ आणि २०२५ ला पैठणमध्ये पाणी शिरलं, तेव्हा टक्केवारी कुणी विचारत नव्हतं, विसर्ग किती सोडायलेत हेच विचारत होते. अशा वेळी जुने दरवाजे उघडल्याचे व्हिडिओ "आत्ताचा" म्हणून येतात आणि काठच्या गावात घबराट होते. तारीख, वेळ आणि क्युसेक नसलेला मेसेज तिथं जिवावर बेतू शकतो, लोक एक तर उगाच पळतात नाहीतर खरा इशारा आला तेव्हा हलत नाहीत.

अजून एक, नाथसागर भरला म्हणजे मराठवाडा भरला असं मुंबई-पुण्याच्या बातम्यांत सर्रास म्हणतात. हिंगोलीकडं येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही धरणं बघतात. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि लातूरच्या ग्रुपवर त्यामुळं रोज फिरतो तो आकडा वेगळाच, धनेगावच्या मांजरा धरणाचा.