टेलोमिअर लांब, म्हणजे आयुष्य लांब?

यावलकडच्या मळ्यात पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजत असताना काकांनी मोबाइल पुढे केला : 'टेलोमिअर वाढवा, म्हातारपण टाळा.' गोळ्यांची डबी मागवायच्याच बेतात होते.

टेलोमिअर म्हणजे गुणसूत्राचं टोक. पेशी विभागताना ते झिजतं, हे खरं. पण प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमिअर माणसाहून कितीतरी लांब, आणि जगतो तो २-३ वर्षं! उलट, ८५ ते ९० टक्के कर्करोग टेलोमिअर राखणारं टेलोमरेज नावाचं विकर (एन्झाइम) वापरूनच फोफावतात.

टोक लांब असूनही त्याला इजा झाली, तर पेशी विभागणं थांबवते. मरत नाही, दाह वाढवणारी रसायनं सोडत बसते. घडातलं एक पिकलेलं केळं शेजारच्यांना पिकवतं ना, तसंच. अशा पेशी साचल्या की सांधे, रक्तवाहिन्या, फुप्फुसं बिघडतात. जखम भरताना मात्र त्याच उपयोगी पडतात.